लुळी मान

पंचगंगेचं पाणी उतरलं की खरी घाण वर येते. इकडं चिखली-आंबेवाडीच्या बाजूला कोंबड्या परड्यात मोकाट. कुजलेल्या जनावरातल्या अळ्या म्हणजे त्यांना मेजवानीच.

शेजारच्या काकूंची तलंग आज मान टाकून पडलेली. पाय लुळे, पापण्या मिटलेल्या. “मानमोडी आली बघ,” काकू म्हणाल्या. मला पटेना. मानमोडीत, म्हणजे राणीखेतमध्ये, मान पिळवटते; ही तर ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. बोटुलिझमचं विष असंच. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचतच नाही. कुजलेल्या जनावरातलं हे विष अळ्यांतून कोंबडीच्या पोटात जातं. गंमत अशी, की अळ्यांना त्याचं काहीच होत नाही. 2019 च्या नोव्हेंबरात राजस्थानातल्या सांभर सरोवरावर हजारो पाहुणे पक्षी याच रोगानं मेले होते.

काकूंचा थोरला सुरी घेऊनच आला, “मरायच्या आत रस्सा करूया.” भांडलोच मी त्याच्याशी. तलंग सावलीत वेगळी ठेवली, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. जगेल की नाही, सांगता येत नाही. विष किती गेलं त्यावर सगळं.

पूर ओसरला की परडं रोज बघा. मेलेलं जे सापडेल ते खोल पुरा, वर चुना टाका. आणि आजारी कोंबडी कापू नका.