अंधार पडल्यावर लागणारी स्टेशनं

दिवसा आमच्या ट्रान्झिस्टरवर मोजकीच केंद्रं लागत. रत्नागिरी ११४३ किलोहर्ट्झवर ठणठणीत, मुंबई जरा खोल गेलेल्या आवाजात, आणि काटा नेमका बसला तर पणजी. बाकी डायलभर खरखर. दिवेलागण झाली की त्याच खरखरीतून माणसं बोलायला लागायची. बाबा ओटीवर बसून काटा अगदी केसाएवढा सरकवत, आणि मी त्यांच्या गुडघ्याला टेकून कोण लागतंय याची वाट बघत असे.

या येण्याला एक क्रम होता. आधी चेन्नई, हैदराबाद, नागपूर ही पूर्वेकडची केंद्रं लागत. आकाश पुरतं काळं झालं की अहमदाबाद, राजकोट, मग ८२८ वर कराची. जेवणं उरकून भांडी घासायला पडली की समुद्रापलीकडचे अरबी आवाज. पहाटे जाग आली तर हाच क्रम पुन्हा: पूर्वेकडची केंद्रं आधी विझलेली असत आणि अरबस्तान मात्र उजाडेपर्यंत तग धरून असे. रात्र पूर्वेकडून येते आणि पश्चिमेकडे सरकत जाते, हे मी भूगोलाच्या पुस्तकाआधी रेडिओवर शिकले.

कारण कॉलेजात गेल्यावर कळलं. दिवसा जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर उन्हाने विद्युतभारित झालेला हवेचा एक थर असतो, त्याला 'डी' थर म्हणतात. वर निघालेल्या मध्यम लहरी तो जवळजवळ गिळून टाकतो. सूर्य गेला की तो विरतो. मग लहरी त्याच्याही वरच्या, रात्रभर टिकणाऱ्या थरांपर्यंत पोचतात आणि तिथून वाकून शेकडो किलोमीटर दूर, कधी त्याहूनही लांब उतरतात. असा थर असला पाहिजे, हे १९०२ मध्ये अमेरिकेत केनेलीने आणि इंग्लंडमध्ये हेविसाइडने आपापलं मांडलं होतं. १९२४ मध्ये ॲपलटनने बीबीसीच्या प्रक्षेपणाचा उपयोग करून तो आहे हे सिद्ध केलं. आपल्याकडे कलकत्त्यात शिशिरकुमार मित्रांनी या थरांच्या अभ्यासात आयुष्य घातलं. हे वाचताना मला आमची ओटी दिसत होती. शंभर किलोमीटर उंचीवरची ती घडामोड आमच्या घरात चार सेलांवर रोज चालू होती, आणि तिचं तिकीट कुणी मागत नव्हतं.

लागलेलं स्टेशन कुठलं हे ओळखणं ही वेगळी विद्या. निवेदक नाव सांगेपर्यंत आवाज बुडालेला असायचा. तेव्हा बाबा तासाच्या ठोक्यांची वाट बघत. आपल्या घड्याळात साडेनऊ झाले आणि टूं-टूं वाजलं, तर तो पाकिस्तान, त्यांचे नऊ. मस्कत आपल्या दीड तास मागे, म्हणजे तेही अर्ध्यावरच. मग भाषेवरून ठरवायचं. ढाका अर्धा तास पुढे. आणि पावणेनऊला ठोके पडले तर ते नेपाळ. भाषेचा एक शब्द कळत नसला तरी घड्याळ आणि बोलण्याची ढब यांवरून देश सांगता यायचा. एकाच जागी दोन केंद्रं एकमेकांत मिसळली तर बाबा काट्याला हात न लावता अख्खा रेडिओच हळूहळू फिरवत. आतली फेराइटची कांडी एका दिशेला जास्त ऐकते आणि दुसरीकडे जवळजवळ बहिरी होते. रेडिओ चुलीकडे वळला की एक केंद्र मिटायचं, समुद्राकडे वळला की दुसरं.

शेजारच्या खाला रात्रीच्या कामातून मोकळ्या झाल्या की गडग्यापलीकडून हाक मारत, "पोरी, मस्कत लाव जरा." त्यांचा मुलगा तिकडे होता. पत्र यायला पंधरा-वीस दिवस लागत, फोन गावात एकच आणि तोही पोस्टात. खालांना अरबी कुराणापुरती वाचता येई, बोललेली कळत नसे. तरी त्या बातम्या ऐकत, जाहिरातींसारखं काही लागलं तर तेही ऐकत. आपल्याकडची इशाची नमाज होऊन तासभर उलटला की तिकडची अजान लागायची. तेव्हा त्या डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणत, "आता त्याची सुट्टी झाली असेल." बातम्यांत काय सांगितलं हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. मुलाच्या कानावर याच क्षणी जे पडत असेल, तेच आपल्या कानावर पडावं, एवढंच त्यांना हवं होतं. आमच्या किनारपट्टीतल्या कितीतरी घरांतली माणसं आखातात होती, आणि ते आवाज तिथून खाऱ्या पाण्यावरून चालत आल्यासारखे अंगणात येत.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा हे सगळं एकदम गंभीर झालं. मोहल्ल्यातली काही माणसं कुवेतमध्ये होती आणि तिकडचे फोन बंद पडले होते. ओमानजवळच्या मसीरा बेटावर बीबीसीचं मोठं प्रक्षेपण केंद्र होतं. तिथून दक्षिण आशियासाठीचे कार्यक्रम १४१३ वर आमच्याकडे अगदी दारात आल्यासारखे लागत. आमच्या ओटीवर रात्री जागा पुरायची नाही. अम्मानहून एअर इंडियाची विमानं माणसं घेऊन निघाली, हे लोकांनी तिथे बसून ऐकलं. दोन महिन्यांत सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीय परत आले. आमच्या गावची माणसं त्यांत होती. ती उतरली तेव्हा त्यांच्याइतकाच घरच्यांचाही प्रवास झालेला होता, फक्त रेडिओसमोर बसून.

पुढे बँकेच्या नोकरीत माझी बदली गांधीधामला झाली. तिथे मी पहिल्यांदा या खेळाच्या दुसऱ्या बाजूला बसले. दिवसा मुंबईचा मागमूस नसे. रात्री ५५८ वर काटा आणला की मुंबईचं मराठी लाटेसारखं वर यायचं आणि परत खाली जायचं. 'आपली आवड' चालू असायचं. खरं सांगायचं तर मी गाण्यांसाठी थांबत नसे. गाणी तर कॅसेटवरही होती. मी थांबायची फर्माईश पाठवणाऱ्यांच्या नावांसाठी. कुठल्यातरी वाडीचं नाव, मग तालुका, मग एका घरातल्या पाच-सहा जणांची नावं एका दमात. ती वाडी मी पाहिलेली नसली तरी ती नावं एका विशिष्ट पद्धतीने लावलेली असत, आधी आजी, मग आई-वडील, मग चिल्लीपिल्ली, आणि तेवढ्याने ती माणसं माझी होत. खालांना मस्कतच्या बातम्यांत काय मिळत होतं, ते मला तिथे खाटेवर पडून समजलं.

मला वाटतं, या ऐकण्यातली मोठी गोष्ट अशी की ते आपल्यासाठी नसतं. कराचीचा निवेदक सिंधमधल्या शेतकऱ्याला भाव सांगत असतो, हैदराबादच्या ताई तेलुगू बायकांशी बोलत असतात. आपण त्यांच्या हिशेबातच नसतो. त्यामुळे ते आपल्याला खूश करायचा प्रयत्न करत नाहीत, चिडवतही नाहीत. दुसऱ्याच्या घरातलं साधं, रोजचं बोलणं तेवढं ऐकू येतं. सीमेपलीकडच्या लोकांबद्दल मी खूप काही वाचलं आहे, त्यातलं बरंचसं भांडणाचं. पण त्यांच्याकडेही थंडीत गव्हाची चिंता असते आणि मुलांच्या कार्यक्रमात एखादं पोर मध्येच ओळ विसरतं, हे मला फक्त रात्रीच्या रेडिओने सांगितलं. आपणही तिकडे ऐकू जात होतो. आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस १९६५ मध्ये सुरू झाली, आणि राजकोटजवळचं १०७१ वरचं हजार किलोवॅटचं प्रक्षेपण खास पलीकडच्यांसाठी होतं. आज फोनवर जगातलं कुठलंही स्टेशन स्वच्छ लागतं, आणि मी ते वापरते. पण तिथे मला काय हवं ते आधी माहीत असावं लागतं.

आता शहरात मध्यम लहरी ऐकणं अवघड झालं आहे. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट, सगळ्यांची घरघर त्याच पट्ट्यात येते. काटा फिरवायला मी डिसेंबरात गावी जाते आणि तारांपासून लांब, पुळणीवर बसते. केंद्रंही कमी होत चालली आहेत. नागपूरहून १५६६ वर रात्रभर चालणारी नॅशनल चॅनल १९८८ मध्ये सुरू झाली होती, ती २०१९ मध्ये बंद झाली. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्हवरचं प्रसारण २०२० च्या जानेवारीअखेर थांबलं. मोठ्या प्रक्षेपकाला वीज फार लागते, मनोऱ्यांना जमीन लागते, ऐकणारे घटले, ही कारणं मला पटतात. तरीही मध्यम लहरी पुसून टाकू नयेत असं मी जीव तोडून म्हणते, आणि त्याचं कारण आठवणी नाहीत.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. दापोलीजवळ माझी मावशी राहते. पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, मोबाइलचे मनोरे गप्प झाले, आणि वीज यायला कितीतरी दिवस गेले. आम्हाला तिची खबर नव्हती, तिला आमची नव्हती. पण तिच्याकडे फळीवर जुना ट्रान्झिस्टर होता आणि दुकानात सेल मिळाले. दिवसा मुंबई, रात्री गुजरातची केंद्रं. वादळ कुठे गेलं, रस्ते कुठवर मोकळे झाले, मदत कुठे पोचली हे तिने वाडीतल्या लोकांना ओटीवर बसवून ऐकवलं. जवळचं सगळं मोडून पडलं होतं आणि शेकडो किलोमीटरवरचा मनोरा उभा होता, कारण वादळ तिथवर गेलंच नव्हतं. आपत्तीचे आराखडे करणाऱ्या प्रत्येक कचेरीत हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. मावशीने आता सेलांची दोन पाकिटं डाळींच्या डब्यांमागे कायमची ठेवली आहेत, आणि पाऊस सुरू होण्याआधी ती बदलते.