खरकट्याचा डबा

डुक्कर हा शब्द आपण शिवी म्हणून जितक्या वेळा उच्चारतो, तितक्या वेळा प्राण्याचे नाव म्हणून उच्चारत नाही. दशावतारांतल्या वराहाला हात जोडायचे आणि गल्लीतला वराह दिसला की नाकाला रुमाल लावायचा! २०२२ साली गाईगुरांना लंपी झाला तेव्हा आमच्या मुळशीत घरोघर हळहळ झाली. डुकरांच्या साथीची वार्ता मात्र कुणी करीत नाही.

आमच्या ओढ्यापलीकडे एका मामांची बारा-पंधरा डुकरे आहेत. पहाटे त्यांचा टेंपो हिंजवडीकडे जातो आणि हॉटेलांच्या, कँटीनच्या मागच्या दारांतून पिंपे भरून आणतो. भात, पाव, रस्सा, हाडे, सारे एकत्र. या फुकटच्या खाद्यावरच धंदा उभा आहे, आणि नेमकी मेख तिथेच आहे.

आफ्रिकन स्वाइन फीव्हरचे वर्णन प्रथम केनियातून १९२१ साली प्रसिद्ध झाले. २००७ साली तो जॉर्जियात उतरला, तो बहुधा जहाजावरचे खरकटे डुकरांना घातल्यामुळे, असे मानतात. २०१८ साली चीन, २०२० साली आपला आसाम. माणसाला हा रोग होत नाही. पण त्याचा विषाणू खारवलेल्या, गोठवलेल्या मांसात महिनोन् महिने तग धरतो. अर्धा तास खळखळून उकळले की मरतो.

मी मामांना म्हटले, "उकळून घाला की."

"सरपण काय तुझं कॉलेज देणार?" मामा म्हणाले.

नुसती हाडे वेगळी काढतो, असेही ते म्हणाले. पण त्याने काय होणार? रस्सा भातात कालवलेला असतोच. शिवाय या खोपटातून त्या खोपटात फिरणाऱ्या व्यापाऱ्याच्या चपला आहेतच.

खरी पंचाईत पुढे आहे. साधा स्वाइन फीव्हर आणि आफ्रिकन, दोन्हींत सडकून ताप, कानापोटावर तांबडे-निळे डाग आणि पटापट मरणे. डोळ्यांनी भेद कळत नाही, प्रयोगशाळाच सांगू शकते. साध्यावर लस आहे. आफ्रिकनवर आपल्याकडे वापरात लस नाही. तो ठरला की एक किलोमीटरच्या आतली सारी डुकरे मारायची, असा सरकारी आराखडा आहे. भरपाईची तरतूदही आहे. पण मामांचा हिशेब सरळ आहे: "दोन मेली तर खड्ड्यात घालीन. सांगितलं तर बाकीचीही जातील."

यात त्यांना गुन्हेगार ठरवणे सोपे आहे. माझ्या मते, भरपाई वेळेवर हाती पडेल असा भरवसा जोवर त्यांना वाटत नाही, तोवर त्यांच्याकडून खबर मिळणार नाही. आणि खबर उशिरा आली तर तोवर रोग शेजारच्या खोपटात गेलेला असतो.

लसीचे मात्र त्यांनी कान देऊन ऐकले. साध्या तापाची लस कधी मिळते, ते पौडला गुरांच्या दवाखान्यात विचारून ये, असे परवा त्यांनी मला बजावले आहे.