डोंगराचे गुणपत्रक

जमीन एक असली तरी तिच्याकडे पाहणारे डोळे अनेक असतात. कोकणातील एखाद्या सड्यावर गुराख्याला चराई दिसते, कंत्राटदाराला जांभा दिसतो, वनस्पतिशास्त्रज्ञाला पावसाळ्यापुरते उगवणारे दुर्मिळ फूल दिसते. आणि महसुलाच्या दप्तरात त्याच जागेची नोंद ‘पोटखराबा’ या एका शब्दात आटोपलेली असते. इतक्या दृष्टींतून एक निर्णय काढावयाचा तर काही मोजमाप हवेच, हे मला मान्य आहे. माझी तक्रार मोजण्याविषयी नाही. मोजणाऱ्याने काटा कोठे धरला आहे, हे मात्र मला पाहावेसे वाटते.

सह्याद्रीला असे गुण देण्याचा प्रयोग प्रत्यक्ष झालेला आहे. २०१० साली नेमलेल्या प्राध्यापक माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर लांबीरुंदीचे चौकोन पाडले. वन, उंची, उतार, नदीकाठची झाडी, प्रदेशनिष्ठ वनस्पती अशा विषयांत प्रत्येक चौकोनाला गुण देऊन त्यांची सरासरी काढली. आणि २०११ च्या अहवालात साऱ्या घाटाची संवेदनक्षमतेच्या तीन श्रेणींत विभागणी सुचविली. पुढे डॉ. कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३ साली वस्ती व लागवडीचा प्रदेश बाजूस ठेवून सुमारे ३७ टक्के भागच संवेदनक्षम ठरविला. डोंगर तोच, परीक्षक बदलले.

सरासरी काढणे म्हणजे सर्व विषयांना सारखे वजन देणे. ‘हे तरी कशावरून?’ असे कोणी विचारले की गणिती एन्ट्रॉपीकडे बोट दाखवितो. हा शब्द क्लॉसियसने १८६५ साली उष्णतेच्या शास्त्रासाठी घडविला. १९४८ साली क्लॉड शॅननने त्याच नावाने अनिश्चितता मोजण्याचे सूत्र दिले. त्यावरून वजने काढण्याची युक्ती मोठी सुबक आहे. वर्गातील सर्व मुलांना भूगोलात साठच गुण पडले, तर क्रमांक लावण्यास भूगोलाचा उपयोग शून्य. ज्या विषयात गुण विखुरलेले, त्यालाच वजन अधिक. माणसाच्या आवडीनिवडीचा येथे स्पर्श नाही.

पण हाच न्याय डोंगराला लावून पाहा. सर्व चौकोनांवर सारखाच पाऊस पडत असेल, तर पावसाचे वजन शून्य! ज्याच्यावर साऱ्या घाटाचे जीवन उभे आहे, ते सर्वांना मिळते एवढ्याच कारणाने हिशेबातून बाद होते. सूत्र चुकत नाही. ते ‘वेगळे काय आहे’ याचे उत्तर देते. आपण मात्र ते ‘मोलाचे काय आहे’ याचे उत्तर म्हणून वाचतो.

विविधता मोजतानाही तीच गंमत होते. एखादे खोरे संपूर्ण रानाने भरलेले असेल तर भू-उपयोगाची एन्ट्रॉपी शून्य बिट. त्याचे चार समान वाटे करून एकात रान ठेवा, बाकीच्यांत खाण, रस्ते आणि बंगले बसवा. एन्ट्रॉपी पूर्ण दोन बिट होईल. कागदावर खोरे समृद्ध झाले. बिबट्याला विचारण्याची सोय नाही.

उपयोगितेचा हिशेब याहून माणसाळलेला आहे. डॅनियल बेर्नुलीने १७३८ सालीच सांगून ठेवले की तोच रुपया गरिबाला अधिक मोलाचा असतो. तरीही आपण डोंगराची उपयोगिता पैशांत मोजू लागलो की मोळी विकणारीच्या वाटेपेक्षा शनिवार-रविवारच्या बंगल्याची खिडकी जड भरते. कारण किती द्यावयाची इच्छा आहे हे विचारताना, किती देण्याची ऐपत आहे हेच आपण मोजीत असतो. शिवाय बेरजेच्या हिशेबात एका गोष्टीची तूट दुसरीने भरून निघते. झरा आटला, पण देखावा सुधारला, एकूण बरोबर! मीठ नसलेल्या आमटीत चमचाभर तूप अधिक घालून हा न्याय कोणत्याही गृहिणीला पटवून दाखवावा. काही बाबतींत बेरजेऐवजी गुणाकार करावा लागतो. तेथे एक शून्य सारे शून्य करते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. उताराची स्थिरता ही अशा शून्यांपैकी आहे. ती कोणत्याही सोयीने भरून निघत नाही.

मग ही सूत्रे फेकून द्यावीत काय? मुळीच नाही. सूत्र नसले म्हणजे निर्णय निष्पक्ष होतो असे नाही. तो बंद दाराआड होतो, इतकेच. सूत्राचा मोठा गुण असा की त्यातील वजने लिहून दाखवावी लागतात, आणि लिहिलेल्याशी भांडता येते. गाडगीळ समितीनेही सीमांचा अखेरचा शब्द आपल्याकडे न ठेवता ग्रामसभांशी विचारविनिमय व्हावा, असे सुचविले होते. नऊ किलोमीटरच्या चौकोनात दोन एकरांची देवराई दिसत नाही. परंतु ज्या गावाने ती पिढ्यान्‌पिढ्या राखली, त्याला ती डोळे मिटूनही दिसते. म्हणून माझे मागणे थोडे आहे: गुणपत्रक खुशाल तयार करावे, पण कोणत्या विषयाला किती वजन दिले तो तक्ता आधी गावच्या चावडीवर, गावच्या भाषेत लावावा. डोंगराला परीक्षेला बसविण्यापूर्वी, त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना प्रश्नपत्रिका तरी वाचता आली पाहिजे.