एक मॉनिटर आणि दोघी मायलेकी

घरी कॉम्प्युटर जुळवायचा म्हटलं की जो तो आधी प्रोसेसर कोणता ते विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच आहे. समोर बसणार कोण, आणि कधी?

इंदापूरच्या मावशीसाठी मशीन जुळवताना हे फार जाणवलं. मावशी घरीच डीटीपी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दशक्रियेची पत्रकं. सगळं काम कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर, म्हणजे विंडोज हवंच. तिच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत. तो फॉन्ट नसेल तर गणपतीच्या नावाजागी भलतीच चिन्हं दिसतात! तिची मुलगी बारामतीत इंजिनियरिंगला. आठवडाभर आमच्याकडे असते, शनिवारी भवानीनगर, निमगाव केतकी करत एसटीने घरी जाते. तिला अभ्यासाला हवं लिनक्स.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि मावशीच्या जुन्या खोक्यात टीपीएम 2.0 नसल्यामुळे विंडोज 11 रीतसर बसेना. पैसे होते एकाच मशीनपुरते. मावशी म्हणाली, "अरे, तिला लॅपटॉप घे, माझं भागेल जुन्यावर." ही म्हणते, "दादा, आईचं आधी. घर त्यावर चालतं." दोघी हटून बसल्या. मग ठरलं, मशीन एक, त्यावर दोन्ही सिस्टिम.

ग्राफिक कार्डाला काट मारली. त्यासाठी रायझन 5 5600जी घेतला, त्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं. (इंटेलचा घेणार असाल तर नावाच्या शेवटी 'एफ' नाही ना, ते बघा. त्यात ते नसतं.) रॅम 16 जीबी. वाचलेले पैसे एसएमपीएस आणि मॉनिटरवर घातले. मॉनिटर 24 इंची, आयपीएस पॅनेलचा. कारण गिऱ्हाईक कधीच समोर बसत नाही, मावशीच्या खांद्यामागून, बाजूने वाकून प्रूफ बघतं. साध्या पॅनेलवर तिरकं पाहिलं की रंग बदलतात, आणि मग "ताई, लाल असा का?"

डिस्क मात्र दोन घेतल्या. एकीवर विंडोज, दुसरीवर लिनक्स. दोघींची भांडी वेगळी असली की एकीच्या आवराआवरीत दुसरीचं काही हरवत नाही. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं, नाहीतर ते अर्धवट झोपतं आणि लिनक्सला त्या डिस्कवर लिहिता येत नाही. घड्याळाची गंमत तर ऐकाच. विंडोज मशीनमधलं घड्याळ स्थानिक वेळेचं समजतं, लिनक्स जागतिक वेळेचं. त्यामुळे लेकीने लिनक्स वापरून बंद केलं की सकाळी दहाला आईचं विंडोज म्हणणार, साडेचार वाजलेत! बरोब्बर साडेपाच तासांचा फरक. लिनक्सला एक कमांड देऊन स्थानिक वेळ पाळायला लावली.

पण खरी अडचण कमांडने सुटणारी नव्हती. एका वेळी एकच सिस्टिम चालते. मावशीच्या पत्रिका प्रिंटरवर निघत असतात तेव्हा स्क्रीन नुसता उजळून बसलेला आणि लेक पुस्तक घेऊन ताटकळत. रीस्टार्ट करावं तर प्रिंट अडणार. म्हणून जुनं खोकं टाकून दिलं नाही. त्यावर हलकं लिनक्स घातलं आणि मॉनिटरच्या व्हीजीए पोर्टला जोडलं. नवीन मशीन एचडीएमआयवर. कीबोर्ड-माऊस जुनेच होते. आता प्रिंट सुरू झाली की मावशी मॉनिटरचं बटण दाबून उठते, लेक बसते. मोठं काम असेल तर रात्री, मावशीचं आटोपल्यावर, नवीन मशीन लिनक्समध्ये.

यात मला आवडलं ते हे की आता कुणालाच "माझं राहू दे" म्हणावं लागत नाही. आधी दोघी एकमेकींसाठी मागे सरत होत्या आणि काम दोघींचंही अडत होतं. बटणाला त्याग कळत नाही, ते फक्त पाळी बदलतं.

तरी एप्रिल-मे बघायचाच आहे. लगीनसराई आणि परीक्षा, दोन्ही एकदम. तेव्हा नाहीच निभावलं तर एखादा वापरलेला मॉनिटर शोधू. जुनं खोकं तयारच आहे, फक्त टेबल थोडं रुंद लागेल.

तुमच्याकडे एका स्क्रीनची वाटणी कशी चालते?