उताऱ्याच्या आधारे

‘आकलन’ हा शब्द मराठीत दोन परस्परांना अपरिचित अशा प्रदेशांत वावरतो. समीक्षेत तो आस्वाद आणि मूल्यमापन यांच्या अलीकडची पायरी सुचवितो. परीक्षेत तो पाच किंवा दहा गुणांचा एक प्रश्न असतो. ‘खालील उतारा वाचून त्याखालील प्रश्नांची उत्तरे लिहा’ या सूचनेकडे साहित्यशास्त्राने फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. वस्तुतः समाजातील बहुसंख्य माणसांच्या वाट्याला वाचनाचा जो सिद्धान्त येतो, तो याच सूचनेच्या रूपाने येतो. त्यांपैकी फार थोडी माणसे पुढे इझर किंवा बार्थ यांच्यापर्यंत पोहोचतात. उताऱ्याखालच्या प्रश्नांना मात्र बहुतेकांना केव्हा ना केव्हा सामोरे जावे लागते.

१७ मार्च २०२४ रोजी, रविवारी, महाराष्ट्रातील शाळांच्या बाकांवर हजारो प्रौढ माणसे बसली. २०२२ साली सुरू झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमातील, म्हणजेच ‘उल्लास’मधील, पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान मूल्यमापन चाचणीचा तो दिवस होता. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान या तीन भागांना प्रत्येकी ५० असे एकूण १५० गुण. आणि प्रत्येक भागात किमान ३३ टक्के मिळविले की साक्षरतेचे प्रमाणपत्र. त्याच सुमारास विद्यापीठांतून पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी करीत होते. त्या परीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेतही एक उतारा असतो आणि त्यावर पाच प्रश्न असतात. ‘वाचता येते काय?’ हा प्रश्न शिडीच्या पहिल्या पायरीवर विचारला जातो, तसाच वरून दुसऱ्या पायरीवरही. दोन्हीकडे दिला जाणारा सल्लाही जवळजवळ सारखाच असतो.

तो सल्ला असा : प्रश्न आधी वाचावेत, उतारा नंतर, म्हणजे काय शोधायचे ते ठाऊक असते. प्रश्नाची जात ओळखावी. काही प्रश्नांची उत्तरे उताऱ्यात जशीच्या तशी असतात, ती केवळ हुडकायची; काहींची दोन वाक्ये जोडल्यावर मिळतात; काही शब्दाचा संदर्भानुसार अर्थ विचारतात; काही शीर्षक किंवा मध्यवर्ती कल्पना विचारतात. पर्याय दिलेले असल्यास ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘कधीच नाही’ अशा टोकाच्या शब्दांपासून सावध राहावे. उताऱ्यातील शब्द जसेच्या तसे उचलणारा पर्याय पुष्कळदा फसवा असतो. तोच आशय वेगळ्या शब्दांत मांडणारा पर्याय बरोबर असण्याचा संभव अधिक. पहिले व शेवटचे वाक्य दोनदा वाचावे, पुनःपुन्हा येणाऱ्या शब्दांखाली रेघ ओढावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपल्याला जे ठाऊक आहे ते बाजूला ठेवावे. उत्तर उताऱ्याच्या आधारे द्यावयाचे आहे.

हा सल्ला शिकवणी-वर्गांची उपज आहे असे समजण्याचे कारण नाही. पूर्वमीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी जी सहा लिंगे सांगितली, ती यापाशी ताडून पाहण्यासारखी आहेत. उपक्रम व उपसंहार म्हणजे आरंभ आणि शेवट. अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. अपूर्वता म्हणजे या संहितेने सांगितलेली, अन्यत्र न मिळणारी गोष्ट. फल, अर्थवाद आणि उपपत्ती. ‘पहिले व शेवटचे वाक्य दोनदा वाचा’ हा उपक्रमोपसंहारच होय. ‘पुनःपुन्हा येणाऱ्या शब्दांखाली रेघ ओढा’ हा अभ्यास होय. अर्थवाद ओळखणे म्हणजे स्तुतीचा वा निंदेचा मजकूर मुख्य विधानापासून वेगळा काढणे. मध्यवर्ती कल्पना शोधताना उदाहरणे व अलंकरण वगळणारा विद्यार्थी दुसरे काय करतो?

मात्र या परंपरेची साक्ष तेथेच थांबत नाही. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त हीच सहा लिंगे हाताशी घेऊन गीतेचे तात्पर्य कर्मयोगपर आहे असे प्रतिपादिले. शंकराचार्यांना त्याच संहितेत कर्मसंन्यासाची दिशा दिसली होती. दोघेही मीमांसेचे नियम जाणणारे होते. दोघांपुढे तेच सातशे श्लोक होते. नियम समान असूनही उत्तर एक आले नाही. तात्पर्यनिर्णयाची साधने वाचकाला शिस्त लावतात, त्याचे उत्तर आधीच ठरवून देत नाहीत, असा याचा अर्थ. परीक्षेतील उताऱ्याला मात्र उत्तरसूची जोडलेली असते, आणि शिस्त व उत्तर यांतील अंतर ती सूची एका क्षणात मिटवून टाकते.

समजा, नवसाक्षरांसाठी असा एक उतारा आहे : ‘गंगूबाई पहाटे उठते. ती विहिरीवरून पाणी आणते. मुलांना शाळेत पाठविते. आठवड्यातून एकदा ती बचत गटाच्या सभेला जाते. गंगूबाई आनंदी आहे.’ त्याखाली प्रश्न : ‘गंगूबाई आनंदी का आहे?’ सूचीतील उत्तर अर्थातच बचत गटाचे असणार. साठीची एक बाई, जिला आठवीतल्या नातीने अक्षरे शिकविली आहेत, हा उतारा बोटाने एकेक शब्द पुढे सरकवीत वाचते आणि म्हणते, “इहिरीवरनं पाणी आणून कोण आनंदात असतंय गं?” नात सराईतपणे सांगते, “आजी, तुला काय वाटतं ते नाही विचारलेलं. उताऱ्यात काय लिहिलंय तेवढंच सांग.” त्यावर आजीचे उत्तर : “पण त्यात लिहिलंच नाही की, ती आनंदी का हाय ते.”

या संवादात बरोबर कोण? घाईने आजीची बाजू घेणे समीक्षकाला सुखाचे वाटेल. परंतु नातीचे म्हणणे आधी नीट ऐकावयास हवे. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता वाचावयास दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिक्रियांचा अभ्यास १९२९ साली ग्रंथरूपाने मांडला. उत्तम शिक्षण लाभलेल्या या वाचकांपैकी अनेकांना कवितेचा साधा वाच्यार्थही लागला नव्हता. स्वतःच्या आठवणी, ठरीव भावना आणि पूर्वग्रह त्यांनी संहितेवर लादले होते. संहिता काय म्हणते आणि मला काय आठवते, यांतील भेद राखणे ही समीक्षेची पहिली अट आहे. नात तिच्या परीने तीच अट सांगते.

या अटीमागे केवळ शास्त्रही नाही. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये महात्मा फुले यांनी अक्षरशून्य शेतकऱ्याची कागदोपत्री होणारी लूट दाखविली. कर्जखतावर अंगठा उठविणाऱ्या माणसाने सावकाराच्या तोंडच्या शब्दांवर, म्हणजे उताऱ्याबाहेरच्या मजकुरावर, विश्वास ठेवलेला असतो. सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, व्याजाचा दर काय लिहिला आहे, मुदत कोणती, हे ‘उताऱ्याच्या आधारे’च पाहावे लागते. जमिनीच्या त्या कागदालाही मराठीत उताराच म्हणतात. तेथे जाणिवेची समृद्धी उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती एकेका शब्दावर बोट ठेवण्याची सवय.

परंतु नेमकी तीच सवय आजीने पाळली आहे. तिच्या पहिल्या प्रश्नात अनुभव बोलला. भारतीय शाब्दबोधविचारात वाक्यार्थासाठी आकांक्षा व संनिधी यांच्या जोडीने योग्यता लागते, म्हणजे पदार्थांचा परस्परसंबंध बाधित होता कामा नये. पहाटेचे पाणी आणि आनंद यांचा संबंध तिला बाधित वाटला. तिचे दुसरे वाक्य मात्र शुद्ध संहितानिष्ठ आहे. आनंदाचे कारण उताऱ्यात लिहिलेले नाही. ‘सभेला जाते’ आणि ‘आनंदी आहे’ ही दोन वाक्ये शेजारी आहेत, एवढेच. शेजाराचा कार्यकारणभाव करणारी उत्तरसूचीच उताऱ्याबाहेर गेली आहे, आणि स्वतःच्या जाहिरातीचा मजकूर घेऊन परतली आहे.

व्होल्फगांग इझर यांनी १९७६ सालच्या आपल्या ग्रंथात संहितेतील रिकाम्या जागांना वाचनप्रक्रियेत मध्यवर्ती स्थान दिले. मराठी शाळेला ‘रिकाम्या जागा भरा’ हा प्रकार त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. फरक इतकाच की, तेथे जागा रिकामी असली तरी शब्द ठरलेला असतो. आजीने जागा भरली नाही, ती दाखवून दिली. जुडिथ फेटर्ली यांनी १९७८ साली ज्या प्रतिकारी स्त्री-वाचकाची कल्पना मांडली, तिचा गुण विद्यापीठीय चर्चासत्रात वाखाणला जातो. साक्षरता चाचणीत त्याला शून्य मिळण्याचा संभव आहे.

हे शून्य किती महागात पडू शकते, याला इतिहास आहे. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या १८९० च्या घटनेने मतदाराला राज्यघटनेचे कलम वाचता यावे किंवा ऐकून समजावे, त्याचा वाजवी अर्थ सांगता यावा, अशी अट घातली. अर्थ वाजवी आहे की नाही हे नोंदणी अधिकारी ठरवी, आणि कृष्णवर्णीयांचा अर्थ त्याला क्वचितच वाजवी वाटे. १९६५ च्या मताधिकार कायद्याने अशा चाचण्यांना तेथे पायबंद बसला. डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे साक्षरतेची अट नाकारून प्रौढ मताधिकार मागितला होता. स्वतंत्र भारताच्या घटनेने तो दिला आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत निरक्षर मतदारांनी चिन्हे पाहून मत दिले. तरीही हरयाणाने २०१५ साली पंचायतीच्या उमेदवारांवर घातलेली शैक्षणिक पात्रतेची अट त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली. आकलनाच्या प्रश्नाचे उत्तर कोण तपासतो, हा प्रश्न म्हणून केवळ अध्यापनशास्त्राचा राहत नाही.

यावरून चाचण्या टाकून द्याव्यात असा निष्कर्ष निघत नाही. प्रश्न आधी वाचणे, पुनरुक्तीकडे लक्ष देणे, ठाऊक असलेले आणि लिहिलेले यांत गल्लत न करणे, ही कौशल्ये नवसाक्षराला हवीत तशीच पात्रता परीक्षेच्या उमेदवारालाही हवीत. मात्र ती शिकविणाऱ्याने त्यांच्या शेवटी आणखी एक प्रश्न जोडावा : या उताऱ्यात काय सांगितलेले नाही? या प्रश्नाचे उत्तरही उताऱ्याच्या आधारेच द्यावे लागते, आणि त्यासाठी इतर सर्व प्रश्नांपेक्षा अधिक बारकाईने वाचावे लागते. तो विचारला गेला, तर आजीला पूर्ण गुण द्यावे लागतील. नातीला त्या दिवशी आपल्या विद्यार्थिनीकडून काही शिकता येईल.