हणजूण... रिवाइंड करून!

गोव्याला आजवर किती वेळा गेलात? दहा वेळा? पंधरा? कॉलेजच्या ग्रुपबरोबर स्लीपरच्या तिकिटात, मग पहिल्या पगारात, मग मित्राच्या बॅचलर्सला, मग ऑफिसच्या ऑफसाइटला (ही सगळ्यात बोअर). माझाही स्कोअर साधारण असाच. पण यंदा मी दोन भलत्याच गोष्टी सोबत नेल्या होत्या. एक, लॅपटॉपमध्ये साठवलेल्या जुन्या व्हिडिओ क्लिप्स, जवळपास साडेतीन तासांच्या. आणि दुसरे आमचे कोल्हापूरचे काका, वय वर्षं अडुसष्ट.

आधी क्लिप्सचं सांगतो. मी अंधेरीत एडिटिंग करतो. दिवसभर शाम्पूच्या जाहिरातीतल्या बाईचे केस दोन फ्रेम पुढे, दोन फ्रेम मागे सरकवायचे, हा आपला धंदा. रात्री रेंडर लावून बसलं की टाइमपास म्हणून जुन्या क्लब्सचं फुटेज बघायची सवय लागली. सुरुवात मँचेस्टरच्या हॅसिएंडापासून झाली. १९८२ ते १९९७ चाललेला हा क्लब म्हणजे हाऊस म्युझिकवाल्यांची पंढरी. आणि तिथलं फुटेज सॉलिड आहे. कारण क्लब ज्यांचा होता त्या फॅक्टरी रेकॉर्ड्सचं आयकॉन नावाचं स्वतःचं व्हिडिओ युनिट होतं. जानेवारी १९८४ मध्ये मॅडोना तिथे नाचून गेली, तेही चॅनल फोरच्या कार्यक्रमासाठी शूट झालं. क्लबची इमारत पाडून तिथे फ्लॅट झाले, फ्लॅटच्या इमारतीला नाव मात्र हॅसिएंडाच. बर्लिनची तर बातच सोडा. २०२४ मध्ये जर्मनीने तिथल्या टेक्नोला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत टाकलं. आपल्याकडे लावणीचं कौतुक करतात ना, तसं.

आणि मग एका रात्री मी हणजूण टाइप केलं. म्हणजे आपलं अंजुना हो! तिथले लोक हणजूण म्हणतात, आणि काकांना घेऊन फिरल्यावर मलाही तेच तोंडात बसलंय.

गोवा ट्रान्स हा अख्खा संगीतप्रकार या गावाच्या आणि शेजारच्या वागातोरच्या किनाऱ्यावर जन्माला आला. सत्तरच्या दशकात इथे गिटारी आणि बँड होते. ऐंशीच्या दशकात लॉरां नावाच्या फ्रेंच डीजेसारखी मंडळी कॅसेटवर इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवू लागली. कॅसेटवर बरं का, रेकॉर्डवर नाही. गोव्याच्या उन्हात रेकॉर्डचा पापड होतो. ही मंडळी गाण्यातला गायकाचा आवाज कापून टाकायची, नुसता ठेका आणि मधले तुकडे एकापुढे एक जोडायची. आम्ही एडिटर लोक जे माऊसने करतो ते त्यांनी टेपरेकॉर्डरच्या पॉज बटणावर केलं. १९८७ मध्ये डॅट नावाची छोटी डिजिटल टेप निघाली आणि पुढे गोवा गिलसारखे डीजे दोन डॅट प्लेयरवर पहाट काढू लागले. डॅटवर वेग कमीजास्त करून दोन गाणी एकमेकांत मिसळता येत नाहीत. त्यामुळे एक गाणं हळूहळू विरायचं आणि दुसरं हळूहळू उगवायचं. गोवा ट्रान्सच्या गाण्यांना लांबच लांब सुरुवात आणि शेवट का असतो, त्याचं हे एक कारण. डिसेंबर १९९४ मध्ये पॉल ओकनफोल्डने बीबीसी रेडिओ वनवर 'गोवा मिक्स' वाजवला आणि हणजूण जगाच्या नकाशावर गेलं.

पण हे सगळं बघायला कुठे मिळतं? हॅसिएंडाला भिंती होत्या, वीज होती, व्हिडिओ युनिट होतं. हणजूणला माड होते. ज्यांच्याकडे कॅमेरा होता त्यांनी काढलं, आणि ज्यांच्याकडे होता ते सगळे परदेशी. क्लिओ ओडझर नावाची न्यूयॉर्कची मुलगी सत्तरच्या दशकात इथे येऊन राहिली. तिने सुपर एट कॅमेऱ्यावर टिपलेलं काही फुटेज मार्कस रॉबिनच्या 'लास्ट हिप्पी स्टँडिंग' या माहितीपटात आहे. जरूर बघा. पुढे ती मानववंशशास्त्रात डॉक्टरेट झाली. १९९५ मध्ये तिने 'गोवा फ्रीक्स' हे पुस्तक लिहिलं आणि ड्रग्जच्या तस्करीवर गोव्यातला सीझन कसा निघायचा ते बिनधास्त सांगून टाकलं. २००१ मध्ये ती गोव्यातच वारली. आता त्या पार्ट्यांमध्ये कॅमेरा का नकोसा असायचा ते कळलं?

सुपर एटचं एक रीळ चालतं तीन मिनिटं वीस सेकंद. बहुतेक वेळा आवाज नाहीच. फिल्म इतकी मंद की लख्ख ऊन हवं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हँडीकॅम आले, पण अंधारात त्यांनाही काजळीच दिसायची. परिणाम काय? पार्टी रात्रभर चालायची आणि फुटेज सगळं सकाळचं! साडेतीन तासांच्या क्लिप्समध्ये मला रात्र जेमतेम चार मिनिटं सापडली, आणि त्यातही काळ्या पडद्यावर रॉकेलच्या दिव्यांचे पिवळे ठिपके. बाकी सगळीकडे धूळ, कोवळं ऊन, आणि रात्रभर नाचून आता नुसतेच डुलणारे लोक. आपल्या डोक्यात जी 'गोवा पार्टी' बसलीय ती खरं तर पार्टीनंतरची सकाळ आहे, बॉस.

आवाजाचीही तीच गंमत. ज्याने कुणी टेप कॉम्प्युटरवर चढवली त्याने वर आपल्या आवडीचं गाणं लावून दिलेलं. माझ्यासारख्याला ते लगेच खुपतं. नाचणाऱ्यांचे पाय एका तालात आणि गाणं दुसऱ्याच. आवाज बंद करून नुसते पाय बघितले की मूळ ठेका किती संथ होता याचा अंदाज येतो. ट्राय करून बघा.

अशीच एक क्लिप आवाज बंद करून बघत होतो आणि फ्रेमच्या डाव्या कडेला मला ते दिसले. फुल पँट, इन केलेला शर्ट, हातात चपला. सहा-सात पुरुष एका ओळीत उभे. नाचत नाहीत, बोलत नाहीत. नुसते बघतायत. कॅमेरा त्यांच्यावर गेला की चुकून आपटल्यासारखा लगेच परत फिरतो. मी रिवाइंड करून करून ते दीड सेकंद बघितले. कारण ही माणसं माझ्या ओळखीची होती.

आमचे काका १९८५ च्या डिसेंबरात चार मित्रांबरोबर भाड्याच्या मॅटाडोरमधून हणजूणला गेले होते. कशाला? 'हिप्पी बघायला!' त्या काळात कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे, मुंबई, सगळीकडून लोक यासाठी जायचे. उघड्यानागड्या गोऱ्या बायका दिसतात ही ख्याती. आमच्या घरच्या प्रत्येक लग्नात रात्री गच्चीवर हा किस्सा व्हायचाच. काकू तेवढ्यापुरत्या खाली जायच्या. किस्सा नेहमी एकाच वाक्यावर संपायचा, "आणि लेका, रोल खराब झाला! एक फोटो आला नाही!" आणि सगळे खो खो हसायचे. मीसुद्धा. ती क्लिप बघेपर्यंत.

फोन केला. म्हटलं, काका, परत जाऊया का हणजूणला? पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "काकूला काय सांगायचं?" मी म्हटलं, फेणी आणायला जातोय सांगा. "त्यापेक्षा खरं सांगतो," म्हणाले.

कोल्हापूरहून आंबोली, सावंतवाडी, बांदा करत म्हापसा. मुंबई-पुण्याहून थेट जाणार असाल तर थिवीला उतरा, नाहीतर २०२३ पासून मोपाचा विमानतळ आहेच. पण आंबोलीच्या घाटातून उतरून गोव्यात शिरायची मजा वेगळी, हे माझं ठाम मत. काका खिडकीशी बसून होते. किस्सा नाही, काही नाही.

हणजूणचा किनारा वाळूपेक्षा दगडांचा. काळपट, चिऱ्याचे, भोकाभोकांचे दगड. इमारती बदलतात, माड पडतात, दगड जागचे हलत नाहीत, त्यामुळे जुनं फुटेज जुळवायला ते बेस्ट. मी लॅपटॉप उघडून, कपाळावर हात धरून, एकेक फ्रेम जुळवत दक्षिणेकडे चाललो होतो. बुधवारचा फ्ली मार्केट भरतो त्या बाजूला. लोक मला वेडा समजत होते. दोन ठिकाणं जुळली. तिसऱ्या ठिकाणी, जिथे त्या क्लिपमध्ये चटया अंथरलेल्या आहेत, तिथे आता एक शॅक आहे आणि चटयांच्या जागी निळ्या गाद्यांच्या आरामखुर्च्या. ऑर्डर दिल्याशिवाय बसता येणार नाही असं वेटरने प्रेमाने सांगितलं. दोन लाइम सोडा मागवले.

तिथे मी काकांना ती क्लिप दाखवली. डावी कड, दीड सेकंद. काका बघत राहिले. म्हणाले, "मी न्हाई ह्यात. पण मीच हाय की." मग शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत एक चौकोनी, काळापांढरा फोटो. "रोल खराब नव्हता झाला," म्हणाले.

क्लिक थ्री कॅमेरा, मित्राच्या मेव्हण्याचा. एका रोलवर बारा फोटो. काकांनी लांबूनच तीनचार काढले होते. तेवढ्यात लुंगी गुंडाळलेली एक गोरी बाई सरळ चालत त्यांच्याकडे आली. ओरडली नाही, रागावली नाही, नुसता हात पुढे केला. काकांनी घाबरून कॅमेरा तिच्या हातात दिला. "मला वाटलं, आता ही समुद्रात टाकतीया." तिने पाचही जणांना हाताने खुणावून एका ओळीत उभं केलं, त्यांचा फोटो काढला, कॅमेरा परत दिला आणि निघून गेली. त्यानंतर काकांनी एकही फोटो काढला नाही. कोल्हापुरात स्टुडिओवाल्याने रोल धुतला. लांबून काढलेल्या फोटोंत समुद्र आणि मुंगीएवढे ठिपके. स्वच्छ आलेला फोटो एकच. हा.

पाच तरुण, उन्हाने डोळे बारीक केलेले, हातात चपला. एक जण हसायचा प्रयत्न करतोय. काका डावीकडून दुसरे, आणि ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत, वाळूकडे बघतायत. हा फोटो चाळीस वर्षं एलआयसीच्या पॉलिसींच्या फाइलमध्ये होता. "काकूला निघताना दाखवला," म्हणाले. काय म्हणाल्या? "म्हणाली, ही बाई शहाणी होती."

मी जे फुटेज इतकी वर्षं 'क्लासिक' म्हणून बघत होतो त्याच्या कडेला असे किती जण उभे असतील, आणि तिथे नाचणाऱ्या किती बायका त्यांच्याकडे पाठ करून नाचल्या असतील, याचा मी कधी विचारच केला नव्हता. कॅमेऱ्यानेच केला नव्हता. आणि हा काही फक्त १९८५ चा मामला नाही. संध्याकाळी वागातोरला मोबाइल उंच धरून उभी असलेली पोरं बघा. चपलांच्या जागी सेल्फी स्टिक, बाकी ओळ तीच.

येताना रस्त्यालगत एका मावशींच्या गाड्यावर चहा घेतला. वय पंचावन्नच्या आसपास. लॅपटॉप बघून त्यांनी विचारलं, सिनेमावाले का? मी म्हटलं, नाही, जुनं हणजूण आहे, बघा. त्यांनी पदराला हात पुसले आणि वाकून बघू लागल्या. नाचणाऱ्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "पळय, पळय! ही आमची बांय!" मागे एक विहीर दिसत होती, तिची त्यांनी आधी खूण पटवली. मग चटया. चटईवर स्टोव्ह, स्टोव्हमागे डोक्यावर पदर घेतलेली एक बाई पाठमोरी बसलेली. मावशींनी बोट ठेवलं. "आई."

पार्टी असली की आई दुपारीच चटई टाकायची, म्हणाल्या. चहा, ऑम्लेट, कलिंगडाच्या फोडी. रात्रभर दिवा जळायचा. सकाळी पोरं चटईवरच झोपायची, कुणाचे चष्मे, कुणाचे पासपोर्ट आई उशाशी सांभाळून ठेवायची. शाळेचे कपडे त्याच पैशांत यायचे. आईचा एकही फोटो घरात नाही, लग्नातला होता तो पावसात गेला.

तो तुकडा मी तिथेच कापला. बावीस सेकंद. मोबाइलवर पाठवला, नेटवर्क असं की गोल फिरतंय, फिरतंय. जाईपर्यंत मावशी काकांकडे वळल्या. काकांनी त्यांना काही सांगितलं नव्हतं, फोटोही दाखवला नव्हता, पण बोलण्यावरून ओळखलं असावं.

"कोल्हापूरचे? तुमच्याकडचे खूप यायचे तेव्हा. बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. चहासुद्धा घ्यायचे नाहीत. नुसते उभे."

काकांनी रिकामा ग्लास खाली ठेवला आणि आणखी एक चहा सांगितला.