हो म्हणण्याची सवय

अँटॉप हिलच्या आमच्या वस्तीत कोणतेही काम निघाले की पहिले नाव आमचे घेतले जाई. आणि खोटे कशाला सांगा, आम्हीही त्याची वाट पाहत असू. जयंती मंडळाचा हिशेब, वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन, ६ डिसेंबरला दादरला न्यायचे भोजनदान, मुलांची अभ्यासिका, जूनमधले वह्यावाटप, वधू-वर मेळावा, वर इमारतीच्या पुनर्विकासाची समिती. हे सारे नोकरी सांभाळून. “किती अंगावर घेता?” असे कोणी विचारले की आमचे उत्तर ठरलेले असे, “बाबासाहेब अठरा अठरा तास काम करीत. आपण काय करतो?”

तीन वर्षांपूर्वी हे उत्तर आमच्याच घशात अडकले.

धाकट्या बहिणीची मुलगी बारावीला होती. तिला नर्सिंगला जायचे होते. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे. आपल्या घरांना हा कागदांचा फेरा नवा नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले, तरी पडताळणी समितीपुढे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा ठेवावा लागतोच. म्हणजे आजोबांच्या शाळेचा दाखला, नाही तर कोतवाल बुकाचा उतारा. आजोबांची शाळा साताऱ्याकडे, दाजींच्या गावी. दाजी रोजंदारीवर. आम्ही जानेवारीतच म्हटले, “तुमचा खाडा नको. आम्ही आणतो.”

फेब्रुवारीत पुनर्विकासाच्या सभा झाल्या. मार्चमध्ये जयंतीची वर्गणी सुरू झाली. एप्रिल कसा जातो ते सांगायला नको. मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेची मिरवणूक, मग वह्या. दर रविवारी आम्ही पुढच्या रविवारी जाणार होतो. जून संपता संपता गेलो, आणि दाखला एका दिवसात मिळाला! पण प्रकरण दाखल होऊन प्रमाणपत्र हाती येईपर्यंत प्रवेशाची मुदत संपली. पोरीचे वर्ष गेले.

ती रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, “मामा, तुम्ही जानेवारीतच नाही म्हटलं असतंत, तर बाबा खाडा करून गेले असते.”

घरी आल्यावर आमची मंडळी म्हणाली, “तुम्हाला नाही म्हणायची लाज वाटते. काम राहिलं की मात्र वाटत नाही.” यावर काय बोलणार?

मग ज्यांच्या नावावर आम्ही एवढे मिरवत होतो, त्यांचे चरित्र पुन्हा काढले. १९२७ हे एकच साल घ्या. मार्चमध्ये महाडचे चवदार तळे, ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. शिवाय वकिली, विधिमंडळ. राहणे इथून जवळच, परळच्या बी. आय. टी. चाळीत. पत्रातला बहुतेक मजकूर बाबासाहेब स्वतः लिहीत. ते पत्र १९२९ मध्ये बंद पडले. पैशाची चणचण हे मोठे कारण होतेच, पण एका माणसाच्या हातावर पत्र किती दिवस चालणार? पुढच्याच वर्षी ‘जनता’ निघाले, तेव्हा संपादनाचे काम त्यांनी देवराव नाईक यांच्याकडे दिले. ‘जनता’ टिकले. १९५६ मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

संविधानाचेही तसेच. मसुदा समितीत सात सभासद. एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, कोणी राज्यकारभारात गुंतलेले, कोणी दिल्लीपासून दूर. शेवटी भार एकट्या बाबासाहेबांवर पडला, असे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत सांगितले. आपण हे अभिमानाने सांगतो, आम्हीही भाषणात अनेकदा सांगितले. पण त्या बोलण्यात कौतुकाबरोबर खंतही होती, हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही आमची कामे लिहून काढली. अकरा निघाली. त्यांतली चार आम्ही दीड-दोन वर्षांत हातसुद्धा न लावलेली, तरी नाव आमचेच! अभ्यासिका आणि मुलांच्या कागदपत्रांचे काम ठेवले. बाकीची एकेक करून सोडली. जयंतीचा हिशेब तरुण मुलांकडे गेला. पहिल्या वर्षी त्यांनी एक पावतीपुस्तक हरवले, दोन दिवस आरडाओरडा झाला, मग सापडले. वर्षावासाचे वाचन महिला मंडळाच्या उपासिका करू लागल्या. त्या वाचताना मध्येच थांबतात, समजावून सांगतात, प्रश्न घेतात. आमच्या वेळी दहा-बारा माणसे येत, आता सतरंजी पुरत नाही. ऐकून आनंद झाला, आणि थोडे दुखलेही. आपल्यावाचून अडत नाही हे कळायला आम्हाला फार वर्षे लागली.

आता अभ्यासिकेत एक वही आहे. कोणाचा कोणता कागद, कोण आणणार, कोणत्या तारखेपर्यंत. तारीख उलटली की काम दुसऱ्याकडे जाते, मग तो दुसरा मुलाचा बाप असो की आणखी कोणी. भाचीला पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. सुट्टीत आली की ती वही तीच तपासते, आणि आमच्या नावापुढची तारीख आधी पाहते.

गेल्या महिन्यात पुनर्विकास समितीचे लोक खजिनदार व्हा म्हणून आले. जीभ सवयीने ‘हो’कडे वळली होती. रविवारी सांगतो म्हटले आणि शनिवारीच जाऊन नाही म्हणून आलो. अध्यक्षांचे तोंड जरा उतरले. चहा मात्र त्यांनी पाजला.